हर्झबर्ग आणि नोकरीतलं समाधान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेडरिक हर्झबर्ग हे नाव बी.कॉम., एमबीए किंवा लोकप्रशासन शिकलेल्या बहुतेकांना दोन रकान्यांच्या तक्त्यामुळे माहीत असतं: एकीकडे नोकरीत नाराज करणाऱ्या गोष्टी, दुसरीकडे समाधान देणाऱ्या. परीक्षा संपली की तक्ता विसरला जातो. पुढे नोकरीत लागल्यावर, साधारण अप्रेझलच्या महिन्यात, कुणीतरी साहेब 'पगाराने खरी प्रेरणा मिळत नसते' असं ऐकवतो आणि मग हा माणूस पुन्हा आठवतो. शिकवताना आणि एचआरमधल्या मंडळींशी बोलताना जे प्रश्न फिरून फिरून समोर येतात, ते इथे घेतले आहेत.

हर्झबर्ग नेमके कोण?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. जन्म 1923 साली मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी, मृत्यू 2000 साली सॉल्ट लेक सिटीत. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकत असतानाच ते दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेले. दाखाऊची छळछावणी मुक्त झाली तेव्हा ते तिथे होते, आणि त्या अनुभवाचा आपल्या विचारांवर खोल परिणाम झाला असं ते सांगत. युद्धानंतर त्यांनी पिट्सबर्ग विद्यापीठात पदव्या घेतल्या. त्यात मानसशास्त्राबरोबर सार्वजनिक आरोग्याचंही शिक्षण होतं. पुढे क्लीव्हलंडमध्ये आणि 1972 पासून युटा विद्यापीठात प्राध्यापक.

सार्वजनिक आरोग्याचा उल्लेख मुद्दाम केला. पुढचा सगळा युक्तिवाद तिथून येतो. शुद्ध पाणी आणि गटारांची सोय यामुळे रोगराई टळते, पण त्यामुळे कुणी पैलवान होत नाही. नोकरीच्या ठिकाणच्या कितीतरी गोष्टी याच जातीच्या आहेत, असं हर्झबर्ग यांचं म्हणणं.

1959 चा तो प्रसिद्ध अभ्यास कसा केला होता?

पिट्सबर्ग परिसरातल्या कारखान्यांत आणि कंपन्यांत काम करणाऱ्या सुमारे 200 इंजिनिअर आणि हिशेबनीसांच्या मुलाखती घेतल्या. बर्नार्ड मॉस्नर आणि बार्बरा स्नायडरमन हे त्यांचे सहकारी. तिघांनी मिळून 1959 साली निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले.

यातली गंमत प्रश्नात आहे. 'तुम्ही नोकरीत किती समाधानी आहात, 1 ते 5 मध्ये सांगा' असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते असं: या किंवा आधीच्या कुठल्याही नोकरीतला असा एखादा काळ आठवा, जेव्हा कामाबद्दल तुम्हाला फारच छान वाटत होतं, किंवा फारच वाईट. काय घडलं होतं ते सांगा. मग खोदून विचारायचं: हे किती दिवस टिकलं? कामावर परिणाम झाला का? घरी काही बदललं का?

म्हणजे मतं गोळा न करता प्रसंग गोळा केले. मी वर्गात नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न लिहून उत्तर द्यायला सांगतो. 'छान' या बाजूला हमखास येणाऱ्या गोष्टी: अडलेलं प्रोजेक्ट मी मार्गी लावलं, ऑडिटमध्ये माझी चूक निघाली नाही, क्लायंटने माझं नाव घेऊन मेल केला. 'वाईट' या बाजूला: साहेब सगळ्यांसमोर बोलले, ज्युनिअरला माझ्यापेक्षा जास्त इन्क्रिमेंट मिळालं, रजेचा नियम अचानक बदलला. कॅन्टीनचा चहा 'वाईट' बाजूला अनेकदा येतो. 'छान' बाजूला तो आलेला मला आठवत नाही.

सिद्धांत थोडक्यात सांगा.

आपण समजतो की समाधान आणि असमाधान ही एकाच पट्टीची दोन टोकं आहेत. हर्झबर्ग म्हणतात, पट्ट्या दोन आहेत. एका पट्टीवर असमाधान कमीजास्त होतं. ते ठरवतात कंपनीची धोरणं, साहेबाची देखरेख, सहकाऱ्यांशी संबंध, कामाच्या ठिकाणची परिस्थिती, पगार, नोकरीची शाश्वती. हे हायजीन घटक, म्हणजे स्वच्छतेसारखे: नसले तर त्रास, असले तर फक्त त्रास टळतो. दुसऱ्या पट्टीवर समाधान कमीजास्त होतं, आणि ते ठरतं काहीतरी साध्य केल्याची भावना, त्याची कुणी घेतलेली दखल, खुद्द काम, जबाबदारी, बढती आणि वाढ यांवर. हे प्रेरक घटक.

पहिले सगळे कामाच्या भोवतालचे, दुसरे कामाच्या आतले. एवढं समजलं की बाकी तक्ता पाठ करायची गरज उरत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की तक्रारी दूर केल्या की माणूस तक्रार करायचा थांबतो, इतकंच. खुश होतो असं नाही. ऑफिसात नवा एसी बसवतात, पंधरा दिवस सगळे 'बरं झालं' म्हणतात, आणि सोळाव्या दिवसापासून भांडण सुरू होतं ते रिमोट कुणाकडे राहणार यावरून.

म्हणजे पगाराने काही होत नाही, हे खरं?

सगळ्यात जास्त गैरवापर झालेला मुद्दा हाच, म्हणून जरा सविस्तर.

मूळ आकडे बघा. चांगल्या प्रसंगांत साध्य केल्याची भावना 41 टक्के वेळा आली, दखल 33 टक्के, खुद्द काम 26 टक्के, जबाबदारी 23 टक्के, बढती 20 टक्के. वाईट प्रसंगांत कंपनीची धोरणं आणि कारभार 31 टक्के. आणि पगार? चांगल्या प्रसंगांत 15 टक्के, वाईट प्रसंगांत 17 टक्के. (एका प्रसंगात अनेक कारणं येऊ शकतात, त्यामुळे बेरीज 100 होत नाही.)

15 आणि 17 हे जवळजवळ सारखेच. म्हणजे पगार दोन्हीकडे दिसतो. मग त्याला हायजीनच्या रकान्यात का टाकलं? हर्झबर्ग यांचं उत्तर असं: वाईट प्रसंगांत पगाराचं दुखणं लांबलचक होतं आणि बहुतेक वेळा ते अन्यायाचं होतं. वाढ उशिरा मिळाली, नाइलाजाने दिली, नव्या माणसाला जुन्यापेक्षा जास्त दिला, अशा स्वरूपाचं. चांगल्या प्रसंगांत पगारवाढ आली ती बहुधा एखाद्या कामगिरीच्या पाठोपाठ, त्या कामगिरीची पावती म्हणून. उत्तर पटण्यासारखं आहे, पण आकडे पाहिल्यावर लावलेला तो अर्थ आहे हेही ध्यानात ठेवावं.

पगार महत्त्वाचा नाही असं हर्झबर्ग यांनी कधीच म्हटलं नाही. हायजीन घटक आधी नीट करा, नाहीतर लोक दुखावलेलेच राहतील, हे त्यांच्या मांडणीतच आहे. त्यामुळे 'आम्ही इन्क्रिमेंट देणार नाही, पण तुमच्या कामाचं कौतुक करू' असं म्हणणाऱ्या कंपनीने हर्झबर्ग यांचं नाव घेऊ नये.

नंतरच्या संशोधनाने याला एक वेगळा दुजोरा दिला. संशोधक टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी 2010 साली 92 नमुन्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. पगाराची पातळी आणि नोकरीतलं समाधान यांचा सहसंबंध निघाला 0.15 (दोन गोष्टी किती सोबत वाढतात याचं हे माप: 0 म्हणजे संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध). अगदीच नाही असं नाही, पण मामुली. गंमत म्हणजे खुद्द पगाराबद्दलचं समाधान आणि पगाराची पातळी यांचाही सहसंबंध 0.23 एवढाच होता. जास्त पगारवाले आपल्या पगारावर फार खुश असतात असंही नाही. आपण तुलना शेजारच्या टेबलाशी करतो, गावच्या सरासरीशी नाही.

लाथ मारण्याची गोष्ट काय आहे?

जानेवारी-फेब्रुवारी 1968 च्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये हर्झबर्ग यांचा एक लेख आला. 1987 साली तो पुन्हा छापला गेला, तोवर त्याच्या 12 लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या. विद्वत्तापूर्ण लेखाला असं भाग्य क्वचित लाभतं, आणि त्याचं एक कारण भाषा. हर्झबर्ग यांना प्राध्यापकी सभ्यता फारशी मानवत नसे. माणसाकडून काम करून घ्यायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ढुंगणावर लाथ घालणं, अशी त्यांनी सुरुवात केली आणि मग व्यवस्थापनाच्या तमाम युक्त्या या लाथेचे प्रकार म्हणून मांडल्या.

त्यांच्याकडे श्नाउझर जातीचा कुत्रा होता. तो लहान होता तेव्हा त्याला हलवायचं असलं की लाथ. मोठा झाल्यावर समोर बिस्किट. हर्झबर्ग यांचा प्रश्न: बिस्किट दाखवल्यावर हलायची इच्छा कुणाला होते? मला! कुत्रा फक्त हलतो. बोनस, टार्गेटवरचं बक्षीस, फॉरेन ट्रिप ही सगळी बिस्किटं. त्यांनी माणूस हलतो, आणि पुन्हा हलवायचा तर पुन्हा बिस्किट काढावं लागतं.

कामाचं समृद्धीकरण म्हणजे आणखी काम अंगावर टाकणं ना?

तशी समजूत आहे खरी, आणि ती कंपन्यांनीच करून दिली आहे. हर्झबर्ग यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक आडवी वाढ: दिवसाला शंभर फॉर्म भरत होता, आता दीडशे भरा, किंवा फॉर्मबरोबर लिफाफेही चिकटवा, किंवा आठवडाभर फॉर्म आणि आठवडाभर लिफाफे. शून्यात शून्य मिळवलं तर शून्यच राहतं. दुसरी उभी वाढ: वरच्या माणसाकडचा निर्णयाचा, तपासणीचा, उत्तरदायित्वाचा भाग खाली आणणं. हेच समृद्धीकरण.

त्या लेखातलं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. एका प्रचंड कंपनीत भागधारकांच्या पत्रांना उत्तरं देणारा विभाग होता. (लेखात कंपनीचं नाव नाही. एटी अँड टी कंपनीच्या रॉबर्ट फोर्ड यांनी पुढे या प्रयोगांची हकिगत लिहिली.) उत्तरं लिहिणारे कर्मचारी नीट पारखून घेतलेले, उत्तम प्रशिक्षण दिलेले. तरीही काम सुमार आणि नाराजी भरपूर. 'हे आव्हानात्मक काम आहे' असं त्यांना सांगितलं जायचं, पण प्रत्यक्षात ठरावीक मसुदे, त्यावर वरिष्ठांची तपासणी, खाली वरिष्ठांची सही.

काही गटांमध्ये बदल एकेक करून आणले. प्रत्येक गटात विषयवार जाणकार नेमले: अवघड प्रश्न आला की पर्यवेक्षकाकडे न जाता आधी या सहकाऱ्याला विचारायचं. पत्राखाली लिहिणाऱ्याचीच सही. अनुभवी कर्मचाऱ्यांची पूर्वी 100 टक्के पत्रं तपासली जात, ती आता 10 टक्के, आणि तीही त्यांच्याच टेबलावर. 'आज किती झाली?' हे विचारणं बंद, 'दिवसभराचं पुरतं काम व्हावं' एवढीच अपेक्षा. पत्रं पर्यवेक्षकाच्या टेबलावरून न जाता थेट टपाल विभागात. छापील मसुद्याऐवजी समोरच्या माणसाला उद्देशून लिहायला प्रोत्साहन. आणि पत्राचा दर्जा व अचूकता ही ज्याची त्याची जबाबदारी. उरलेल्या गटांत यातलं काहीच केलं नाही.

सहा महिन्यांनी बदललेले गट कामात पुढे होते, काम आवडण्याचं प्रमाण ठळकपणे वाढलं होतं, गैरहजेरी कमी होती आणि पुढे या गटांतल्यांना बढत्याही जास्त मिळाल्या.

यातली प्रत्येक गोष्ट किती लहान आहे पाहा. एकही नवी खुर्ची आलेली नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल सहीचा. आपल्याकडे टिपणी लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, सही करणारा तिसरा आणि चूक निघाली की शोध पहिल्याचा, ही पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

मॅस्लो आणि हर्झबर्ग यांच्यात फरक काय? (परीक्षेसाठी हवं आहे.)

मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी 1943 साली माणसाच्या एकूण गरजांची उतरंड मांडली, त्यात नोकरी हा विषय नव्हता. हर्झबर्ग फक्त कामाबद्दल बोलतात आणि त्यांच्याकडे पायऱ्या नाहीत, दोन स्वतंत्र पट्ट्या आहेत. मॅस्लोंच्या मांडणीत खालची गरज भागली की ती प्रेरणा देईनाशी होते आणि वरची जागी होते. हर्झबर्ग यांच्या मांडणीत हायजीन घटक कधीच कायमचे 'भागत' नाहीत, ते पुन्हापुन्हा रिकामे होतात. उत्तरपत्रिकेत दोघांचे तक्ते शेजारी काढून बाण मारायची पद्धत आहे. तेवढ्यावर गुण मिळतात, पण हा शेवटचा फरक लिहिलात तर परीक्षक थांबून वाचेल.

हा सिद्धांत चुकीचा ठरलाय असं ऐकलं. खरं का?

निम्मं खरं.

पहिला आणि सगळ्यात टोकदार आक्षेप मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर व्रूम यांनी 1964 साली घेतला. माणसाला 'चांगलं काय घडलं' असं विचारलं की तो स्वतःच्या कर्तबगारीकडे बोट दाखवतो, 'वाईट काय घडलं' विचारलं की साहेबाकडे आणि कंपनीकडे. पास झालो तर अभ्यास केला होता, नापास झालो तर पेपर अवघड होता. मग दोन रकाने हे कामाचं सत्य आहे की माणसाच्या स्वभावाचं? प्रसंग आठवायला लावण्याची पद्धत वापरली की निष्कर्ष जुळायचे, दुसऱ्या पद्धतीने मोजलं की बरेचदा जुळायचे नाहीत. हा योगायोग नव्हे. 1967 मध्ये हाउस आणि विगडर यांनी उपलब्ध पुरावा तपासून सिद्धांतावर गंभीर शंका घेतल्या. 1970 साली नेथन किंग यांनी तर दाखवून दिलं की ज्याला सगळे 'द्विघटक सिद्धांत' म्हणतात त्याच्या पाच वेगवेगळ्या आवृत्त्या बाजारात आहेत, आणि कोण नेमकी कुठली तपासतंय याचा मेळ नाही.

दुसरा आक्षेप हर्झबर्ग यांच्या स्वतःच्या आकड्यांतूनच निघतो. 1968 च्या लेखात त्यांनी 12 अभ्यास आणि 1,685 माणसं एकत्र घेतली. समाधानाच्या कारणांपैकी 81 टक्के प्रेरक घटक होते. असमाधानाच्या कारणांपैकी 69 टक्के हायजीन. दोन्ही आकडे दणदणीत आहेत, पण असमाधानाची उरलेली 31 टक्के कारणं प्रेरक घटकांतलीच होती की! काम कंटाळवाणं असणं, दखल न घेतली जाणं यानेही माणूस नाराज होतो. 1959 च्या अभ्यासातही वाईट प्रसंगांपैकी 18 टक्क्यांत दखलीचा प्रश्न होता. 'दोन पूर्णपणे वेगळ्या पट्ट्या' हे म्हणणं इथे ढिलं पडतं.

म्हणून आज कुणी गंभीर संशोधक द्विघटक सिद्धांत जसाच्या तसा मानत नाही. पण हर्झबर्ग यांनी बोट जिथे ठेवलं ती जागा बरोबर होती. त्यांच्या आधी बहुतेक चर्चा पगार, सोयी आणि साहेबाच्या गोड बोलण्याभोवती फिरायची. त्यांनी विचारलं, खुद्द कामच कसं आहे? पुढे रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी 1970 च्या दशकात हाच प्रश्न घेऊन मोजता येईल असं काहीतरी उभं केलं. कामात कौशल्यांचं वैविध्य किती, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच्या हातात आहे का, त्याचं महत्त्व किती, स्वायत्तता किती, आणि काम कसं झालं हे कामातूनच कळतं का, अशी पाच वैशिष्ट्यं. शिवाय एक दुरुस्ती: सगळ्यांनाच समृद्ध काम हवं असतं असं नाही. काहींना पाच वाजता डबा उचलून घरी जायचं असतं, आणि त्यात काही गैर नाही.

समाधानी माणूस जास्त काम करतो का?

थोडं. पण या 'थोडं'चा इतिहास मजेशीर आहे. 1955 साली ब्रेफील्ड आणि क्रॉकेट यांनी तोवरचं संशोधन तपासून सांगितलं की समाधान आणि कामगिरीचा फारसा संबंध दिसत नाही. 1985 साली इयाफाल्डानो आणि मुचिन्स्की यांनी आकडे एकत्र केले, सहसंबंध आला 0.17. आणि विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. 2001 मध्ये जज आणि सहकाऱ्यांनी 312 नमुने, 54,417 माणसं एवढा पसारा घेऊन आधीच्या गणनेतल्या त्रुटी दुरुस्त केल्या, आणि आकडा आला 0.30. गुंतागुंतीच्या कामांत हा संबंध आणखी जास्त.

0.30 म्हणजे किती? वर्ग केला तर 0.09. माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकाचा सुमारे 9 टक्के भाग समाधानाशी जोडता येतो. आणि कारण कोणतं, परिणाम कोणता, हे या आकड्यावरून कळत नाही. काम चांगलं झालं म्हणून माणूस खुश असेल, असंही असू शकतं. साध्य केल्याची भावना पहिल्या क्रमांकावर ठेवणारे हर्झबर्ग इथे गालातल्या गालात हसले असते.

मग समाधानाचा परिणाम वागण्यात कुठे दिसतो?

जिथे वागणं माणसाच्या मर्जीवर असतं तिथे. टार्गेट, मशीनचा वेग, डेडलाइन यांनी बांधलेल्या कामात नाराज माणूसही काम करतोच, करावंच लागतं.

याचा माझा आवडता पुरावा म्हणजे शिकागोतलं एक हिमवादळ. एप्रिल 1975 मध्ये शिकागोत जबर हिमवर्षाव झाला. सीअर्स कंपनीच्या तिथल्या मुख्यालयात त्याआधी कर्मचाऱ्यांच्या समाधानाचं सर्वेक्षण झालेलं होतं. फ्रँक स्मिथ यांनी त्या दिवसाची हजेरी काढली. कामावर पोहोचणं अवघड, न गेलं तर कुणी बोलणार नाही, अशा त्या दिवशी जे विभाग अधिक समाधानी होते त्यांची हजेरी जास्त भरली. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या कार्यालयात हवा ठीकठाक होती, आणि तिथे समाधान व हजेरी यांचा काहीच संबंध दिसला नाही. नेहमीच्या दिवशी मस्टर सगळ्यांनाच कामावर आणतं. पाणी तुंबून लोकल ठप्प झालेल्या दिवशी कोण ऑफिसात पोहोचलं, हे मुंबईतल्या एखाद्या एचआरवाल्याने समाधानाच्या सर्वेक्षणाशेजारी ठेवून पाहावं. माहिती त्यांच्याकडे पडूनच असते.

डेनिस ऑर्गन यांनी 1980 च्या दशकात याच धाग्यावर काम केलं. जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नसलेली मदत, म्हणजे नव्या माणसाला शिकवणं, सहकाऱ्याची शिफ्ट सांभाळून घेणं, लहानसहान गैरसोयींचा बाऊ न करणं. अशा वागण्याला त्यांनी संघटनेतलं नागरिकत्व म्हटलं. समाधानाचा आणि न्यायाने वागवलं गेल्याच्या भावनेचा ठसा इथे उमटतो. अप्रेझलच्या फॉर्मवर या कामाला रकाना नसतो, ही आणखी एक गोम.

काही माणसं मुळातच कुरकुरी असतात, त्यांचं काय?

असतात. रिचर्ड आर्वी, थॉमस बुशार्ड आणि सहकाऱ्यांनी 1989 साली जन्मतः वेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या 34 जोड्या अभ्यासल्या. नोकरीतल्या समाधानातला साधारण 30 टक्के फरक अनुवंशाशी जोडता येतो असा त्यांचा अंदाज. नमुना छोटा आहे, त्यामुळे आकडा दगडावरची रेघ समजू नये. पण नोकऱ्या बदलल्या तरी माणसाची कुरकुर सोबत जाते, हे स्टॉ आणि रॉस यांनीही 1985 मध्ये दाखवलं होतं.

फक्त एक सावधगिरी. 'त्याचा स्वभावच तसा' हे मॅनेजरसाठी फार सोयीचं उत्तर आहे. 30 टक्के स्वभाव धरला तरी 70 टक्के उरतात.

भारतात कामाची अशी पुनर्रचना कुणी करून पाहिली आहे का?

हो, आणि हर्झबर्ग यांच्या पुस्तकाच्या आधी. 1953 साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेइतकं निघत नव्हतं. कामाचे बारीक तुकडे पाडलेले: सूत तुटलं की जोडणारा एक, कांड्या भरणारा दुसरा, तेल घालणारा तिसरा, आणि ठरावीक मागांची सगळी जबाबदारी आपली असं म्हणणारा कुणीच नाही. राइस यांनी सुचवलं की एका गटाकडे मागांचा एक संच पूर्णपणे सोपवावा. कामगारांनी स्वतःच झटपट गट केले. सुरुवातीच्या धडपडीनंतर उत्पादन वाढलं आणि खराब कापडाचं प्रमाण घटलं. एरिक मिलर यांनी पुढे तिथे पुन्हा जाऊन केलेली पाहणी 1975 साली प्रसिद्ध झाली: काही ठिकाणी गटपद्धत टिकून होती, काही ठिकाणी बाजाराच्या आणि वरिष्ठांच्या रेट्याखाली ती विरून गेली होती.

राइस यांची विचारसरणी हर्झबर्ग यांच्यापेक्षा वेगळी, त्यांचा भर गटावर. तरी संपूर्ण काम हाती देणं हा धागा दोन्हीकडे सापडतो.

कंत्राटी, कमी पगाराच्या नोकरीला हे लागू होतं का?

हर्झबर्ग यांचा पहिला नमुना इंजिनिअर आणि हिशेबनीस असा होता, म्हणून ही शंका रास्त. नंतरच्या अभ्यासांत परिचारिका, रुग्णालयातले देखभाल कर्मचारी, जोडणीचं काम करणाऱ्या स्त्रिया, लष्करी अधिकारी, फिनलंडचे फोरमन, हंगेरीचे इंजिनिअर असे बरेच आले आणि चित्र साधारण तसंच राहिलं, पण पद्धत तीच असल्यामुळे व्रूम यांचा आक्षेपही तसाच राहिला.

माझं मत विचाराल तर: अकरा महिन्यांचं कंत्राट, पगार कधी होईल याचा भरवसा नाही, पीएफ कापतात पण भरतात की नाही ठाऊक नाही, अशा ठिकाणी समृद्धीकरणाची भाषा करणं म्हणजे थट्टा. तिथे आधी हायजीन. मात्र कमी पगाराच्या माणसाला कामाचा अभिमान वगैरे नसतो, हे गृहीतक तितकंच चुकीचं. रुग्णालयातल्या मावशींना 'तुमच्यामुळे वॉर्ड लखलखीत राहतो' असं डॉक्टरांनी नाव घेऊन म्हटलं तर त्या ते घरी सांगतात.

आमच्या कंपनीत दरवर्षी सर्वेक्षण होतं. त्यात हर्झबर्ग कसे वापरायचे?

सर्वेक्षणाच्या शेवटी एकच मोकळा प्रश्न टाका, तोच 1959 चा. गेल्या वर्षातला कामाबद्दल सगळ्यात छान वाटलेला एक प्रसंग आणि सगळ्यात वाईट वाटलेला एक. नाव लिहायची सक्ती नको. उत्तरं मोजायच्या आधी वाचा. गुणांची सरासरी 3.8 वरून 3.9 झाली यातून काहीच करता येत नाही. 'माझा रिपोर्ट साहेबांनी स्वतःच्या नावाने पाठवला' हे चार जणांनी लिहिलं असेल तर काय करायचं ते कळतं.

हे सगळं पटतं, पण मधल्या फळीतले मॅनेजर ऐकत नाहीत. मग?

ऐकणार नाहीत, आणि हर्झबर्ग यांनीही तसं बजावून ठेवलं होतं. तपासणी काढून घेतली की पर्यवेक्षकाला आधी धास्ती वाटते, काम बिघडेल म्हणून. पहिले काही आठवडे काम खरंच थोडं घसरतं, त्यामुळे ती धास्ती खरी ठरल्यासारखी वाटते. मग काम सुधारतं, आणि दुसरीच धास्ती येते: आता मी दिवसभर करू काय? आजवर त्याचा दिवस इतरांची पत्रं वाचण्यात जात होता.

हर्झबर्ग यांच्या एका सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही. ज्यांचं काम बदलायचं त्यांनाच बदलाच्या आखणीत थेट घेऊ नका, असं ते म्हणत. सहभागाने नुसता सहभागाचा आनंद मिळतो, काम बदलत नाही, हे त्यांचं कारण. अहमदाबादच्या मागांवर कामगारांनी स्वतः गट पाडले तेव्हा उलटंच दिसलं.

सुरुवात करायची तर एकच विभाग घ्या, असा, जिथे बदल करायला खर्च कमी आहे आणि नाराजी जास्त. तिथल्या कामाची यादी करून प्रत्येक तपासणीपुढे लिहा, ही गेल्या सहा महिन्यांत किती वेळा खरोखर चूक पकडायला उपयोगी पडली. जिथे उत्तर शून्य आहे ती तपासणी बंद करा, सही त्या माणसाची ठेवा. पर्यवेक्षकाला मोकळा झालेला वेळ नव्या माणसांना शिकवायला द्या, आणि हे त्याला बदलाच्या आधीच सांगा.